जेसनचे केस एका रात्रीत कुठे गेले?

हेडफोन लावलेत ना? लावले असतील तर बरं, कारण आज रक्त भरपूर आहे आणि बाजूला घरातलं कुणी मोठं माणूस बसलं असेल तर ते हमखास मध्येच प्रश्न विचारतं. माझ्या घरी विचारला. खरं तर त्या एका प्रश्नामुळेच हा एपिसोड होतोय, पण त्याच्याकडे नंतर येते. स्पॉयलरचं म्हणाल तर सगळेच आहेत. बारा सिनेमांचे. चाळीस-पंचेचाळीस वर्षं झाली आहेत, आता तरी माफ करा.

तर आधी केस.

'फ्रायडे द थर्टीन्थ'चा दुसरा भाग १९८१ साली आला. शेवटाकडे जेसन वूरहीज खिडकी फोडून आत उडी मारतो आणि नायिकेला मागून धरतो. सिनेमाभर त्याच्या डोक्यावर एक पोतं असतं, ते आता निघालेलं आहे. म्हणजे मोठा झालेला जेसन प्रेक्षकांना पहिल्यांदाच नीट दिसतो. चेहरा वेडावाकडा, लांब लालसर केस, वर दाढी. तिसरा भाग आला १९८२ साली, पण त्यातली गोष्ट कधी सुरू होते? लगेच. दुसऱ्या दिवशी. आणि त्यात जेसन टकला आहे. साधा विरळ केसांचा नाही, पार तुळतुळीत.

म्हणजे ह्या माणसाने एका रात्रीत आठ-नऊ खून केले, खांद्यावर कोयत्याचा घाव खाल्ला, रांगत रांगत झोपडीबाहेर पडला, आणि मग काय, सलून शोधलं?

काही फॅन म्हणतात की खिडकीचा तो प्रसंग नायिकेचं स्वप्न आहे. ठीक, मान्य करू. पण तिसऱ्या भागात आणखी एक गंमत आहे. त्यातली क्रिस नावाची मुलगी दोन वर्षांपूर्वीची आठवण सांगते, जंगलात तिच्यावर कुणीतरी हल्ला केला होता. आठवणीत दिसतो तो जेसनच, आणि तो तेव्हाही टकलाच आहे. म्हणजे दोन वर्षांपूर्वी टकला, काल रात्री केस, आज परत टकला. पहिल्या भागाच्या शेवटी तळ्यातून जो लहान मुलगा उसळी मारून वर येतो, त्याच्याही डोक्यावर केस नाहीत. तेव्हा चूक दुसऱ्या भागाचीच म्हणायची. बहुमताने.

मी हे सिनेमे चुकीच्या क्रमाने पाहिलेत. मामेभावाकडे एक हार्ड डिस्क होती. त्यात 'एफटी वन', 'एफटी टू' अशी नावं दिलेल्या फायली होत्या आणि नावं देणाऱ्याला आकडे येत नसावेत. मी आधी तिसरा पाहिला, मग सहावा, मग पहिला. पहिला बघताना हॉकीच्या मुखवट्याची वाट बघत बसले आणि तो शेवटपर्यंत आलाच नाही. कारण पहिल्या भागात खुनी जेसन नाहीच. ती त्याची आई आहे, पामेला. आणि मुखवटा येतो थेट तिसऱ्या भागात, तोही जेसनचा नव्हे. शेली नावाच्या एका चेष्टेखोर पोराचा, जेसनने नुसता उचललेला. ज्या चेहऱ्याचे टी-शर्ट जगभर विकले जातात तो दोन सिनेमे उलटल्यावर सापडला, हे कळल्यावर मला वाटलं, अरे, ह्यांना स्वतःलाच माहीत नव्हतं ना पुढे काय करायचंय. तिथून मी एक जुनी डायरी घेऊन सालं मांडायला बसले.

पहिली आकडेमोड अगदी सोपी वाटली होती. पहिला भाग १९८० चा. सुरुवातीला १९५८ सालचे खून, मग पडद्यावर येतं, शुक्रवार, १३ जून, सध्याचा काळ. मोबाइलवर कॅलेंडर मागे नेऊन बघा, १३ जून १९८० ला खरंच शुक्रवार होता. मला इतका आनंद झाला! म्हटलं, लोकांनी अभ्यास केलाय. मग चौथा भाग पाहिला. त्यात पामेलाची समाधी दाखवली आहे आणि दगडावर कोरलंय, १९३० ते १९७९. म्हणजे पहिल्या भागाची गोष्ट १९७९ ची, कारण पामेला त्याच रात्री मेली. आणि १३ जून १९७९ ला होता बुधवार.

बुधवार! शुक्रवार तेरा नावाच्या मालिकेची पहिली रात्र, दगडावर विश्वास ठेवला तर, बुधवारची आहे.

आता हे कुणी मुद्दाम नाही केलं. चौथ्या भागाच्या वेळी कुणीतरी कला विभागातल्या माणसाला सांगितलं असणार की एक थडगं बनव, त्याने साधी वजाबाकी केली असणार. ती वजाबाकी चूक नाही बरं का. दुसऱ्या भागात 'पाच वर्षांनंतर' असं सांगितलंय. दुसरा, तिसरा आणि चौथा भाग एकामागून एक सलग घडतात. चौथा आला १३ एप्रिल १९८४ ला, आणि हा मात्र खरा शुक्रवार होता. त्याला वाटलं असेल, गोष्ट आजची, १९८४ ची, त्यातून पाच गेले, एकोणऐंशी. त्याच्या जागी मीही हेच केलं असतं.

पण त्या 'पाच वर्षांनंतर'ने काय गोंधळ घातलाय बघा. १९८१ साली आलेला सिनेमा घडतो १९८४ साली. १९८२ चा सिनेमासुद्धा १९८४ साली, नुसता एक दिवस पुढे. तीन सिनेमे, तीन दिग्दर्शनं म्हणाल तर दोन माणसांची, चार वर्षांचे कपडे आणि गाड्या, आणि आतली गोष्ट जेमतेम एका आठवड्याची. ह्या आठवड्यातला माझा आवडता माणूस म्हणजे चौथ्या भागातला रॉब. बिचारा जंगलात तंबू ठोकून जेसनला शोधतोय. त्याच्याकडे वर्तमानपत्रांची कात्रणं आहेत, हत्यारं आहेत, चेहऱ्यावर महिनोन्‌महिन्यांचं दुःख आहे. का? तर त्याची बहीण सँड्रा जेसनने मारली. कधी मारली? दुसऱ्या भागात. म्हणजे ह्याच आठवड्यात! अजून तिचे दिवससुद्धा झाले नाहीत आणि हा कात्रणं कापून, तयारी करून, तंबू टाकून बसलाय. पेपर छापून यायला तरी वेळ लागत असेल की नाही?

मी रॉबवर खूप हसले आहे. ह्याच पॉडकास्टवर, जुन्या एपिसोडमध्ये. आता तितकी हसत नाही. लिहिणाऱ्याच्या डोक्यात दुसरा भाग तीन वर्षांपूर्वीचा होता, कारण तो खरोखरच तीन वर्षांपूर्वी आला होता. तीन वर्षं रखडलेला भाऊ त्याला दिसत होता. पात्रांच्या घड्याळात पाच दिवस झाले होते, थिएटरच्या घड्याळात तीन वर्षं. त्याने थिएटरचं घड्याळ पाहिलं.

ही एक गोष्ट समजली की पुढच्या अर्ध्या चुका उलगडतात. चौथ्या भागाचं नावच 'द फायनल चॅप्टर' होतं. शेवटचा अध्याय. जेसनला बारा वर्षांचा टॉमी जार्विस मारतो, आणि तो मरतो म्हणजे मरतोच, काही शिल्लक ठेवलेलं नाही. पण गल्ला जमला. पहिल्या भागाला साडेपाच लाख डॉलरच्या आसपास खर्च आला होता आणि एकट्या अमेरिकेत त्याने चार कोटींच्या जवळपास कमावले होते. अशी दुभती गाय कोण विकतं? शेवटच्या अध्यायानंतर बरोबर पुढच्या वर्षी, १९८५ ला, पाचवा भाग हजर. नाव काय, तर 'अ न्यू बिगिनिंग'.

पाचव्यात टॉमी मोठा झालाय, सतरा-अठराचा. म्हणजे गोष्ट १९८९-९० च्या सुमाराला गेली. आणि जेसन? जेसन मेलेलाच आहे. मुखवट्यामागे निघतो रॉय नावाचा अँब्युलन्सवाला, ज्याचा मुलगा मारला गेलाय. प्रेक्षक भडकले. तिकीट जेसनचं काढलं आणि निघाला अँब्युलन्सचा माणूस! त्या मुखवट्यावर लाल नाही, निळ्या खुणा आहेत. म्हणजे बारकाईने बघणाऱ्याला आधीच सांगून ठेवलं होतं, पण अंधाऱ्या थिएटरात रंग कोण तपासतो.

ह्याच भागात गावाचा मेयर ओरडून सांगतो की जेसनचं प्रेत जाळलंय, राख झाली त्याची. विषय संपला. आणि १९८६ च्या सहाव्या भागाची सुरुवात कशी होते? टॉमी कबर खणतो आणि आत जेसनचं आख्खं प्रेत. किडे पडलेलं, पण आख्खं. टॉमी लोखंडी गज खुपसतो, त्यावर वीज पडते, जेसन उठतो.

मग मेयर खोटं बोलला का? फॅन लोकांनी ह्यावर पानंच्या पानं खर्ची घातली आहेत. गाव घाबरू नये म्हणून मेयरने राखेची अफवा सोडली, बापाने पैसे भरून प्रेत सोडवलं, वगैरे. मला विचाराल तर मेयर खरं बोलत होता, त्याच्या सिनेमापुरतं. पाचवा भाग बनवणाऱ्यांना जेसन नकोच होता, म्हणून त्यांनी जाळला. सहावा बनवणाऱ्यांना जेसनच हवा होता, म्हणून त्यांनी पुरला. मधल्या रागावलेल्या प्रेक्षकांनी राखेचं प्रेत केलं. आणि प्रामाणिकपणे सांगते, सहावा भाग मालिकेतला सगळ्यात मजेदार आहे. टॉम मक्लॉक्लिनने तो केलाय, आणि सुरुवातीला जेसन बाँडसारखा चालत येऊन कोयता फिरवतो. एवढा चांगला सिनेमा मिळणार असेल तर एक मेयर खोटा पडला, पडू दे.

सातवा आणि आठवा भाग मी भराभर सांगते, कारण तिथे डायरीची पानं फाडावीशी वाटली. सातव्यात आधी लहान टीना दिसते, मग जवळजवळ दहा वर्षं पुढे. पडद्यावरच्या क्रमाने मोजलं तर आपण पोचलो २००० च्या आसपास. सिनेमा १९८८ चा आहे, केस फुगवलेले, खांद्याला पॅड, सगळं १९८८ चं. टीनाचा बाप दहा वर्षं तळ्याच्या तळाशी आहे आणि शेवटी वर येतो तेव्हा पोहून आल्यासारखा ताजा. आणि आठवा, 'जेसन टेक्स मॅनहॅटन', १९८९ चा. त्यात शाळेची पोरं सहलीला जहाजाने न्यूयॉर्कला जातात आणि क्रिस्टल लेकवरचा जेसन त्याच जहाजावर चढतो. क्रिस्टल लेक. लेक म्हणजे तळं. पहिला भाग ज्या कॅम्पवर चित्रित झाला तो न्यू जर्सीत, ब्लेअर्सटाउनला, समुद्रापासून बराच आत. तळ्यातून समुद्रात जहाज कसं गेलं हे त्या कप्तानालाच विचारायला हवं होतं, पण तो मेला. नावात मॅनहॅटन, तर मॅनहॅटन येतं सिनेमा दोन तृतीयांश संपल्यावर, आणि त्यातलाही बराच भाग कॅनडात व्हँकूव्हरला चित्रित केलेला. शेवटी गटारातलं विषारी पाणी अंगावर येऊन जेसनचा पुन्हा लहान मुलगा होतो. का, विचारू नका. कुणालाच माहीत नाही.

ह्या आठव्याने एक कोटी त्रेचाळीस लाखांच्या आसपासच कमावले आणि पॅरामाउंट कंपनीने हात झटकले. हक्क गेले न्यू लाइनकडे, पण पूर्ण नाहीत. 'फ्रायडे द थर्टीन्थ' हे नाव पॅरामाउंटकडेच राहिलं. म्हणून १९९३ च्या नवव्या भागाचं नाव 'जेसन गोज टू हेल'. पाटी पुसून कोरी. गटारात लहान मुलगा झालेला जेसन परत धिप्पाड, जंगलात फिरतोय, एफबीआय त्याच्या चिंधड्या उडवते. मधे काय झालं? एक वाक्य नाही. लोक ह्याला सातत्याची चूक म्हणतात. अहो, दुकानच दुसऱ्याने घेतलं. नवीन मालक जुन्याची उधारी कशाला फेडेल.

त्या नवव्याच्या शेवटी एक हात जमिनीतून येतो आणि जेसनचा मुखवटा आत ओढतो. पाती लावलेला हातमोजा, म्हणजे एल्म स्ट्रीटचा फ्रेडी. प्रेक्षक वेडे झाले. आणि मग त्या भेटीसाठी दहा वर्षं थांबावं लागलं, २००३ पर्यंत. मधल्या काळात ती पटकथा कुणाला जमेना. थांबून थांबून शेवटी त्यांनी आधी दुसराच सिनेमा काढला, 'जेसन एक्स', ज्यात जेसन गोठवला जातो आणि २४५५ साली अवकाशयानात जागा होतो.

ह्या सिनेमाची सगळ्यांनी टर उडवली. आता सांगते तो अवकाशात का गेला. लेखक टॉड फार्मर आणि मंडळींना भीती होती की आपण आजच्या काळात काही केलं तर पुढे येणाऱ्या 'फ्रेडी व्हर्सेस जेसन'च्या कथेत खोडा पडेल. म्हणून त्यांनी जेसनला इतका लांब फेकला की कुणाच्याच सालाशी त्याची टक्कर होणार नाही. म्हणजे कळलं का? ज्या सिनेमाला लोक मालिकेतला सगळ्यात मूर्ख सिनेमा म्हणतात, तो सालांचा ताळमेळ सांभाळायच्या नादात तसा झालाय! बुधवारचा शुक्रवार करणाऱ्यांच्या घराण्यात पहिल्यांदा कुणीतरी कॅलेंडर उघडलं, आणि उघडून थेट चारशे वर्षं उलटली.

इथपर्यंत मी खूश होते. प्रत्येक भोकापाठीमागे कुठलं तरी बिल, कुठला तरी करार, कुठला तरी रागावलेला प्रेक्षक सापडत होता. डायरी भरली. एपिसोड लिहून तयार होता, ह्याच्यापेक्षा खूप जास्त विनोद होते त्यात. मग एका रविवारी खात्री करायला म्हणून मी पहिला आणि दुसरा भाग लागोपाठ टीव्हीवर लावले. आई मागे इस्त्री करत होती. तिला असलं काही आवडत नाही. पण इस्त्रीचा ढीग मोठा होता आणि सिनेमा दीड तासाचा, त्यामुळे तिने पाहिला. पामेला बोलते तो भाग तिने इस्त्री उभी ठेवून पाहिला. आपला मुलगा १९५७ ला बुडाला, ज्यांनी लक्ष ठेवायचं ती पोरं आपल्याच नादात होती, आज त्याचा वाढदिवस. आई म्हणाली, "ह्या बाईचं खरं आहे गं." मी म्हटलं, अगं तिने आत्ता गळे चिरलेत सगळ्यांचे. ती म्हणाली, "ते चूक. पण तिचं खरं आहे."

मग दुसरा भाग. कॅम्पफायरपाशी पॉल सांगतो की जेसन बुडालाच नव्हता, तो जंगलात वाढला, आणि त्याने आईचं डोकं उडवलेलं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. आणि आईने विचारलं:

"जिवंत होता ना? मग एवढी वर्षं आईकडे का नाही गेला?"

मी तोंड उघडलं आणि मिटलं. कारण माझ्याकडे उत्तर होतं, व्यवसायाचं उत्तर. पहिल्या भागाच्या वेळी जेसन खरोखर मेलेलाच होता. शेवटी तळ्यातून उसळणारा मुलगा हा निव्वळ एक दचका होता, 'कॅरी'च्या शेवटावरून सुचलेला. आणि तो मुळात कुणाला सुचला ह्यावर पुढे तिघांनी दावा सांगितला, त्यात मेकअपवाले टॉम सॅव्हिनी होते आणि पटकथाकार व्हिक्टर मिलरही होते. पैसे आले, दुसरा भाग हवा झाला, आई तर मेली होती, म्हणून मुलाला जिवंत केला. हे सगळं मी आईला सांगितलं. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, "ते झालं सिनेमावाल्यांचं. मी पोराचं विचारतेय."

बावीस वर्षं. १९५७ पासून एकोणऐंशी धरा. त्याच तळ्याकाठी एक मुलगा झोपडी बांधून राहतोय. त्याच परिसरात त्याची आई त्याच्यासाठी वेडी होतेय. १९५८ ला पहिले दोन खून करते, मग कॅम्प सुरू करायचा कुणी प्रयत्न केला की घातपात करते, वीस वर्षं. आणि दोघांची एकदाही गाठ पडत नाही. पडते तेव्हा ती कोयत्याखाली असते. पुढे दोन महिन्यांत तोच मुलगा, ज्याला बावीस वर्षांत आईचं घर सापडलं नाही, तो अ‍ॅलिसच्या घराचा पत्ता शोधून काढतो आणि फ्रिजमध्ये आईचं मुंडकं ठेवून येतो. अ‍ॅलिसचं घर कसं सापडलं, हा सगळ्यांचा लाडका चुकांमधला प्रश्न. मीही तेवढाच धरून बसले होते. पलीकडचा प्रश्न मला दिसलाच नव्हता.

आणि मग मी परत सगळे पाहिले, ह्या वेळी सालांसाठी नाही. दुसऱ्या भागातच बघा. जिनी बालमानसशास्त्र शिकतेय. झोपडीत पळताना तिला ते देवघरासारखं मांडलेलं दिसतं, मेणबत्त्या, मधे आईचं मुंडकं, आणि आईचा स्वेटर. ती स्वेटर अंगात घालते आणि आईच्या आवाजात बोलते. जेसन, बाळा, ये. आणि तो राक्षस हातातलं हत्यार खाली करून गुडघ्यावर बसतो. माझ्या मते पूर्ण मालिकेतला सगळ्यात चांगला प्रसंग हाच. आणि तो चालतो कशावर? त्याच भोकावर. जी भेट झाली नाही तिच्यावर.

तिसऱ्याच्या शेवटी क्रिस होडीत आहे आणि पाण्यातून पामेला उसळते, डोकं धडावर शाबूत. मी डायरीत लिहिलं होतं, 'डोकं??' दोन प्रश्नचिन्हं. २००३ च्या 'फ्रेडी व्हर्सेस जेसन'मध्ये फ्रेडी जेसनला उठवतो तो आईचं रूप घेऊन. त्याच सिनेमात जेसनला पाण्याची भीती आहे असं दाखवलं आणि फॅन खवळले, कारण हाच माणूस आठव्या भागात समुद्रात पोहलाय. बरोबर आहे, चूकच आहे. पण बुडणारं पोर आठवलं की मला त्या चुकीचा राग येत नाही. २००९ साली सगळं नव्याने केलं, तारीख पुन्हा शुक्रवार, १३ फेब्रुवारी, आणि त्यात जेसन एका मुलीला मारत नाही, डांबून ठेवतो, कारण ती त्याच्या आईसारखी दिसते. दिग्दर्शक बदलले, कंपन्या बदलल्या, साल कुणाचं कुणाला जुळेना. हे एक दुखणं मात्र प्रत्येकाने पुढच्याच्या हातात दिलं.

आमच्याकडे शुक्रवार म्हटलं की आईच्या डोक्यात तेरा आकडा येतच नाही. तिचा श्रावणातला शुक्रवार, जिवतीचा, पोरांच्या आयुष्यासाठी. भिंतीवर कागद चिकटवायचा, पुरण घालायचं, आणि पोर परगावी असेल तर चारी दिशांना अक्षता टाकायच्या. मी पुण्यात शिकायला होते तेव्हा ती टाकायची. तिच्यासारख्या बाईला तो प्रश्न पडला नसता तर नवल.

आणखी एक सांगायचं राहिलं. २००९ नंतर तेरावा सिनेमा आला नाही त्याचं कारणही हेच भोक आहे, ह्या वेळी कोर्टात. अमेरिकेच्या कायद्यात लेखकाला पस्तीस वर्षांनी हक्क परत मागता येतात. व्हिक्टर मिलरने पहिल्या पटकथेचे मागितले. दिग्दर्शक शॉन कनिंगहॅमच्या बाजूचं म्हणणं, तो नोकर म्हणून लिहीत होता. २०१८ ला निकाल मिलरच्या बाजूने, २०२१ ला अपिलातही तोच. पण मिलरने लिहिला तो बुडालेला मुलगा आणि त्याची आई. हॉकीचा मुखवटा घातलेला धिप्पाड जेसन पुढच्या सिनेमांतला. तो कुणाचा, हे त्या निकालात ठरलंच नाही. आई आणि मूल एकाकडे, मोठा झालेला मुलगा लटकलेला. कोर्टातसुद्धा त्यांची गाठ पडू दिली नाही बघा.

२०२२ मध्ये 'क्रिस्टल लेक' नावाची मालिका जाहीर झाली, पहिल्या सिनेमाच्या आधीची गोष्ट, म्हणजे पामेलाची. मी आईला सांगितलं, तुझ्या बाईवर मालिका काढतायत, बघशील का. तिने विचारलं, "त्यात तरी तो भेटतो का तिला?" म्हटलं, तो लहानच असणार गं त्यात, तिच्याजवळच असणार. "मग बघीन," म्हणाली, "बुडायच्या आधी बंद कर."

डायरी अजून माझ्याकडे आहे. बुधवारचं काय करायचं ते तुम्ही सुचवा, मला व्हॉइस नोट पाठवा. केसांचं मात्र मी सोडून दिलंय.